शिरोडकरांचा टाका आणि पंचवीस मिलिमीटरची काळजी

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या शाळांच्या शिक्षक-खोलीत "तिच्या पिशवीला टाका घातलाय" हे वाक्य कधी ना कधी कानावर पडते. ते ऐकल्यावर पुढे कोणी फारसे विचारत नाही. बाई रजेवर आहेत, झोपून आहेत, पलंगाच्या पायथ्याशी विटा लावल्या आहेत, एवढे कळते. अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य आले आहे : "सोनोग्राफीत पिशवीचं तोंड आखूड निघालं." पहिल्या वाक्यात एक उपाय आहे, दुसऱ्यात फक्त एक आकडा आहे. गंमत अशी, की उपायापेक्षा या आकड्यानेच घरातली माणसे जास्त धास्तावतात. असे का व्हावे हे समजून घ्यायचे तर टाक्याचा आणि आकड्याचा, दोन्हींचा इतिहास पाहावा लागतो. त्यातला टाक्याचा इतिहास गोवा आणि मुंबई इथला, म्हणजे आपल्या ओळखीच्या मुलखातला आहे. आम्ही स्वतः प्रसूतिशास्त्रातले नाही. पण मोजमापे घेणे आणि त्यांचा अर्थ लावणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे, आणि त्या दृष्टीने हा विषय शिक्षकांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटले.

प्रथम शरीररचना थोडक्यात पाहू. गर्भाशय उलट्या धरलेल्या चंबूसारखे असते. चंबूची मान म्हणजे गर्भाशयग्रीवा. तिला एक आतले तोंड असते, ते गर्भाच्या बाजूचे. आणि एक बाहेरचे, योनिमार्गात उघडणारे. या दोन तोंडांमधले अंतर म्हणजे ग्रीवेची लांबी. गरोदरपणाच्या मध्यावर ती साधारण साडेतीन सेंटीमीटर असते. ही मान नऊ महिने घट्ट मिटलेली राहते आणि शेवटी काही तासांत दहा सेंटीमीटर उघडते. ती मिटलेली कशी राहते? मूत्राशयाच्या तोंडाशी असते तसे स्नायूचे कडे इथेही असावे, असा पूर्वी समज होता. १९४७ साली अमेरिकेत डेव्हिड डॅनफर्थ यांनी दाखवून दिले की ग्रीवेत स्नायू थोडाच असतो. ती मुख्यतः कोलॅजेनच्या चिवट तंतूंची बनलेली असते. दिवस भरत आले की या तंतूंची वीण सैल होते, त्यात पाणी शिरते आणि ग्रीवा मऊ पडते. घरोघरच्या समजुतींच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे. स्नायू आवळून धरता येतो, तंतूंची वीण आवळता येत नाही. गर्भवतीने 'नीट धरून ठेवले नाही' असे म्हणण्याला त्यामुळे काही अर्थच उरत नाही.

काही स्त्रियांमध्ये ही वीण वेळेच्या फार आधी सैल पडते. ही गोष्ट वैद्यांना अगदी नवी नव्हती. सतराव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये छापलेल्या एका वैद्यकीय ग्रंथातही गर्भाशयाचे तोंड ढिले असल्याचा उल्लेख सापडतो. उपाय मात्र नव्हता. १९५० साली शिकागोच्या लॅश आणि लॅश या जोडीने ग्रीवेचा कमकुवत भाग कापून शिवण्याची शस्त्रक्रिया मांडली. ती गर्भ राहण्याआधी करायची होती, आणि तिच्यानंतर काही स्त्रियांना दिवसच राहत नसत.

आता शिरोडकरांकडे वळू. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोडा या गावी झाला. (मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे ते वेगळे, हे फोंड्याकडचे.) शाळा हुबळीला, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९३१ मध्ये इंग्लंडला एफ.आर.सी.एस. होऊन ते परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेज व त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय इथे शिकवू लागले. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. मूल नको असलेल्या आणि मूल टिकत नसलेल्या, अशा दोन्ही स्त्रियांची दुःखे हा माणूस एकाच वेळी पाहत होता.

त्यांच्याकडे येणाऱ्या काही स्त्रियांच्या हकिगती विलक्षण सारख्या होत्या. पहिले तीन महिने सुरळीत जात. चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येता, फारसे रक्त न जाता, पाण्याची पिशवी खाली उतरे आणि सगळे संपे. पुढच्या खेपेला पुन्हा तसेच. विश्रांती आणि संप्रेरकांची इंजेक्शने हे त्या काळचे उपाय. त्यांचा या स्त्रियांना काही उपयोग होत नव्हता. शिरोडकरांनी अनुमान काढले, की गर्भ चांगला आहे, गर्भाशयही चांगले आहे. दोष आतल्या तोंडाच्या जागी आहे. गर्भ लहान असतो तोवर ते तोंड तग धरते, भार वाढला की उघडते. हे निदान कोणत्याही यंत्राने झालेले नाही. एकीमागून एक बाईचे म्हणणे नीट ऐकून घेतल्यावर त्यातून जो आकृतिबंध दिसला, त्यावरून ते झाले. विज्ञानाच्या इतिहासात निरीक्षण म्हटले की आपल्याला दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक आठवतात. रुग्णाची हकीगत ऐकणे हेही निरीक्षणच, हे मुलांना सांगायला शिरोडकरांचे उदाहरण फार चांगले आहे.

उपाय त्यांनी गर्भारपणातच करायचा ठरवला, आणि त्या काळी हे धाडसच होते. ग्रीवेवरची नाजूक त्वचा पुढून आणि मागून थोडी उघडायची, मूत्राशय वर सरकवायचे आणि आतल्या तोंडाच्या पातळीवर एक पट्टी त्वचेखालून भोवताली फिरवून बांधायची. नेफ्यातून नाडी ओवावी तशी. ही पट्टी ते त्याच स्त्रीच्या मांडीच्या स्नायूंवरच्या चिवट पांढऱ्या आवरणातून काढून घेत. पुढे इतर शल्यविशारदांनी कृत्रिम धाग्याच्या फिती वापरल्या. १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात शिरोडकरांनी ही पद्धत दोनच पानांच्या लेखात प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या इयान मॅकडोनल्ड यांनी सोपी रीत सांगितली : त्वचा न उघडता जाड धाग्याचे चार-पाच टाके ग्रीवेभोवती धावदोऱ्यासारखे घालायचे आणि बटव्याची नाडी ओढावी तसे ओढून गाठ मारायची. आज बहुतेक ठिकाणी मॅकडोनल्ड यांचा टाका घातला जातो, कारण तो घालायला आणि काढायला सोपा. पण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत दोन्ही नावे शेजारी शेजारी असतात, आणि एका गोमंतकीय गावाचे नाव त्यामुळे कुठल्या कुठे पोचले आहे.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो. टाक्याचा उपयोग झाला हे ओळखायचे कसे? समजा एका बाईची तीन गर्भारपणे मध्येच संपली, चौथ्या खेपेला टाका घातला आणि मूल जगले. घरच्यांना दुसरा पुरावा नको असतो. पण टाक्याशिवायही चौथे मूल जगले असते का, याचे उत्तर त्या एका हकिगतीत नसते. लागोपाठ तीन वेळा अपयश आलेल्यांतही पुढच्या खेपेला काहींना आपोआप यश येतेच. मग त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याच्या पदरात ते यश पडते. याचे एक भयंकर उदाहरण त्याच काळातले आहे. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून अमेरिकेत लाखो स्त्रियांना दिले गेले. १९५३ साली शिकागोत ते प्रत्यक्ष तुलना करून तपासले, तेव्हा काही उपयोग दिसला नाही. तरी ते दिले जातच राहिले. काळजीत असलेल्या बाईला 'काहीतरी' दिल्याचे समाधान डॉक्टरांनाही हवे होते. मार्च १९७१ मध्ये शिरोडकर वारले. पुढच्याच महिन्यात बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवले की या औषधाच्या छायेत जन्मलेल्या मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. पुढे असेही आढळले, की या मुली स्वतः गरोदर राहिल्यावर त्यांच्यात ग्रीवा दुबळी असण्याचे प्रमाणही जास्त होते.

टाक्याची मोठी परीक्षा व्हायला १९९३ साल उजाडावे लागले. १२ देशांतल्या १,२९२ स्त्रियांवर झालेल्या ब्रिटिश पाहणीचा अंतिम अहवाल त्या वर्षी आला. टाका घालावा की न घालावा याबद्दल डॉक्टर स्वतःच साशंक होते, अशा स्त्रिया तीत घेतल्या होत्या, आणि कोणाला टाका घालायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. टाका नसलेल्यांपैकी शंभरात १७ जणींची प्रसूती ३३ आठवड्यांच्या आत झाली, टाका घातलेल्यांपैकी शंभरात १३ जणींची. म्हणजे एका बाईचा लाभ व्हायला साधारण पंचवीस जणींना टाका घालावा लागला, आणि बाळंतपणानंतर ताप येण्याचे प्रमाण टाका घातलेल्यांत दुप्पट होते. पण जिची तीन किंवा अधिक गर्भारपणे अशी अवेळी संपली होती, त्या गटात फरक ठळक होता : ३२ च्या जागी १५. जे. जे. रुग्णालयात शिरोडकरांपुढे बसलेल्या स्त्रिया नेमक्या याच गटातल्या होत्या. त्यांनी ज्यांच्यासाठी टाका शोधला, त्यांना तो उपयोगी पडतो, असे चाळीस वर्षांनी आकड्यांनीही सांगितले.

आता दुसरी गोष्ट, आकड्याची. जहाजे आणि बॉयलर यांच्या धातूतले दोष शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरत. ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी तेच तंत्र माणसाच्या पोटावर लावून १९५८ साली त्याची चित्रे प्रसिद्ध केली. १९८० नंतरच्या दशकात योनिमार्गातून तपासणी करणारी शलाका आली आणि ग्रीवेची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली. १९९६ मध्ये जे. डी. आयम्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २,९१५ स्त्रियांची २४ व्या आठवड्याच्या सुमारास मोजणी करून कोण केव्हा बाळंत झाली ते पाहिले. आजच्या अहवालांतला २५ मिलिमीटरचा उंबरठा बराचसा या कामावर उभा आहे.

त्यातले आकडे हजारावर बसवून फळ्यावर मांडण्यासारखे आहेत. हजार गर्भवतींपैकी सुमारे ४३ जणी ३५ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. ग्रीवा २५ मिलिमीटर किंवा कमी असलेल्या हजारात साधारण ९० निघाल्या. या ९० पैकी लवकर बाळंत झाल्या १६. उरलेल्या ७४ जणींनी ३५ आठवडे पार केले. आणि ज्यांची ग्रीवा 'चांगली' होती त्या ९१० जणींपैकीही २७ जणी लवकर बाळंत झाल्याच. हेच निष्कर्ष असेही सांगता येतात, की २६ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड ग्रीवा असली तर लांब ग्रीवावालीच्या सहा पट धोका. दोन्ही विधाने खरी आहेत. पण 'सहा पट' ऐकलेली बाई आणि 'शंभरात ऐंशीहून अधिक जणींना काही झाले नाही' हे ऐकलेली बाई त्या रात्री सारख्याच झोपतील असे वाटत नाही. दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना फासे आणि पत्ते यांच्या जोडीला हे उदाहरण जरूर घ्यावे. वर्गातल्या काही मुलींना हा आकडा दहा वर्षांनी स्वतःच्या कागदावर दिसणार आहे.

मोजमापाविषयी आणखी दोन गोष्टी. पोटावरून केलेल्या तपासणीत भरलेले मूत्राशय ग्रीवेला दाबून आहे त्यापेक्षा लांब दाखवते. म्हणून मूत्राशय रिकामे ठेवून आतून मोजायचे असते. ग्रीवा काही मिनिटांतही कमीजास्त होते, म्हणून तीन वेळा मोजून त्यातली सर्वांत कमी लांबी धरतात. मोजणारा बदलला तरी तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. मागच्या पंधरवड्यात २७ आणि आज २५, यात बिघाड झालाच असे समजू नये. शिवाय दिवस भरत आले की ग्रीवा आखडणे हे स्वाभाविकच असते; विसाव्या आठवड्यातले २० मिलिमीटर आणि चौतिसाव्यातले २० मिलिमीटर यांचा अर्थ एक नव्हे.

शिरोडकरांच्या काळी काळजी होती ती ठेच लागलेल्या बाईला. या आकड्याने आता ती पहिलटकरणीलाही दिली आहे, जिला आधी काहीच झालेले नाही. आणि काळजी आली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो : झोपून राहा. विश्रांतीने या स्त्रियांना गुण येत नाही, हे शिरोडकरांनी १९५५ मध्येच नोंदवले होते. २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात आखूड ग्रीवेच्या ६५७ पहिलटकरणी पाहिल्या. ज्यांना हालचाल कमी करायला सांगितली होती, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची प्रसूती शंभरात ३७ जणींना झाली. ज्यांना सांगितली नव्हती, त्यांच्यात १७ जणींना. जास्त धोका वाटला त्यांनाच डॉक्टरांनी झोपवले असेल, ही शंका योग्य आहे. ते हिशेबात धरूनही फरक उरला. निदान फायद्याची खूण तरी कुठे दिसली नाही. आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, स्नायू दुबळे होतात, आणि छताकडे पाहत पडलेल्या बाईचे मन एकाच गोष्टीभोवती फिरत राहते, हे तर वेगळेच.

या सल्ल्याला आणखी एक बाजू आहे, ती बारामती-इंदापुरात लपत नाही. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांसाठी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या गरोदर बाया मोळ्या उचलतात. त्यांची ग्रीवा बहुधा कोणी मोजत नाही, आणि झोपून राहण्याचा सल्ला त्यांना देऊन उपयोगही नसतो. विटांवर चढवलेला पलंग एका घरात आणि डोक्यावर मोळी फडात, अशी आपल्याकडे विश्रांतीची वाटणी आहे. अवजड काम गर्भारपणात कमी व्हायलाच हवे. पण वर्गात उभे राहून तास घेणे, बाजारात जाणे, जिना चढणे यांमुळे ग्रीवा आखडते असे कुठे दिसून आलेले नाही. ग्रीवेवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, आधीच्या बाळंतपणात झालेली इजा किंवा जन्मजात रचना ही काही कारणे माहीत आहेत. बहुतेकींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. "हंडा उचललास म्हणून", "एसटीनं गेलीस म्हणून" ही वाक्ये घरच्यांनी तोंडातच ठेवावीत. इंग्रजीत या अवस्थेला पूर्वी जो शब्द होता त्याचा सरळ अर्थ 'नालायक' असा होई. डॉक्टरांनीच तो मागे टाकून 'अपुरी' अशा अर्थाचा शब्द घेतला.

मग करायचे काय? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २४,६२० स्त्रिया तपासल्या. १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड ग्रीवा फक्त ४१३ जणींची निघाली. त्यांपैकी २५० जणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून रोज रात्री योनिमार्गात ठेवायची प्रोजेस्टेरॉनची कुपी किंवा तशीच दिसणारी औषधविरहित कुपी दिली. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती औषध नसलेल्यांत शंभरात ३४, औषध घेणाऱ्यांत १९. या व पुढच्या अभ्यासांवरून आज साधारण असे धोरण आहे : आधी काही झालेले नसेल आणि एकच मूल पोटात असेल, तर प्रोजेस्टेरॉन, आधी अवेळी प्रसूती झाली असेल आणि आता ग्रीवाही आखूड असेल, तर टाक्याचा विचार. जुळ्यांचे नियम वेगळे. म्हणून अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना विचारावे : मोजणी आतून केली का, कितव्या आठवड्यातली आहे, माझ्या आधीच्या हकिगतीशी जोडून तिचा अर्थ काय, पुन्हा केव्हा मोजायची? बहुधा पंधरा दिवसांनी, चोविसाव्या आठवड्यापर्यंत मोजतात. त्याहून घाईने मोजून यंत्राच्या चुकांचीच काळजी पदरी पडते.

काळजी पूर्णपणे जाईल असे कोणी म्हणू नये; शंभरात अठरा हा आकडा लहान नाही. पण तिला हाताशी काम देता येते. अंगावरून पाणी जाणे, रक्त दिसणे, खाली दाब जाणवणे, ठरावीक अंतराने कंबर किंवा ओटीपोट दुखणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता निघायचे. कुठे जायचे ते आधी ठरवून ठेवावे. इंदापूरच्या गावांतून पुण्याला पोचायला दोन-तीन तास लागतात. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कमी दिवसांच्या बाळाची सोय असलेले रुग्णालय कोणते, हे विसाव्या आठवड्यातच विचारून घेतलेले बरे. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले की प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. आपल्याकडे २०१४ पासून, मोठ्या रुग्णालयात धाडण्यापूर्वी त्याची पहिली मात्रा एएनएम ताईही देऊ शकतात. धोका आधी कळण्याचा सर्वांत मोठा फायदा आम्हाला हाच वाटतो, की या गोष्टींची तयारी करता येते. काही बायका भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मांडून एकेक खोडत जातात. चोविसाव्यापासून पुढे प्रत्येक आठवड्याने बाळाची जगण्याची शक्यता वाढते, त्यामुळे या खोडण्याला खरोखरच अर्थ आहे.

आणि टाका घातलाच असेल, तर तो ३६ किंवा ३७ व्या आठवड्यात काढतात. मॅकडोनल्ड यांचा टाका असेल तर बहुधा भूलही लागत नाही, काही मिनिटांचे काम. सगळे घर त्या दिवशी पिशव्या भरून तयार असते. पण टाका काढल्याबरोबर कळा सुरू होतातच असे नाही. कित्येक जणी त्यानंतर घरी येतात आणि आणखी आठवडा-दोन आठवडे वाट पाहत राहतात.